दिपमालाचं मशीन बंद होतं ते अकरा दिवस

जळगावच्या एमआयडीसीत कुठल्याही डाळमिलमध्ये विचारा, भटू फिटरला कान आहेत असंच सांगतील. कान सगळ्यांनाच असतात हो, पण हा माणूस मिलच्या फाटकातून आत येता येता थबकतो, मान तिरपी करतो आणि म्हणतो, "दोन नंबरचं बेअरिंग बोलायला लागलं. संध्याकाळपर्यंत जाईल." आणि ते जातं. मालक लोक त्याला नाना म्हणतात, चहा पाजतात, आणि नवीन इंजिनिअर आला की त्याची गंमत करायला भटूला पुढे करतात. दोंडाईचाहून चोविसाव्या वर्षी जळगावला आला, आज अठ्ठावन्नचा आहे, आणि चौतीस वर्षांत त्याच्या हाताखाली एकाही माणसाचं बोट कापलं गेलेलं नाही. त्याचं कारण त्याची एक पक्की सवय. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी मेन बंद करायचं, फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. काम पुरं होईपर्यंत फ्यूज खिशाबाहेर काढायचा नाही, मग मालकाचा बाप आला तरी चालेल.

एवढी मशिनं हाताखालून गेली, पण जीव अडकला होता तो घरातल्या एकाच मशिनात. त्याच्या मुलीच्या, दिपमालाच्या कॉम्प्युटरमध्ये.

दिपमाला अठ्ठावीस वर्षांची. जन्मापासून तिचे हात, मान, जीभ तिच्या हुकमात नाहीत. डोकं मात्र असं तल्लख की घरात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. डोळे वर केले की हो, मिटले की नाही, एवढं तिला पहिल्यापासून जमायचं. बाकी बोलायचं तर भटू समोर बसून अक्षरं म्हणायचा, हव्या त्या अक्षराला ती डोळे वर करायची. आई भागाबाईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हे काम बापाचंच. पुढे दहा वर्षांपूर्वी धुळ्याचा कुंदन नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मिलमध्ये ट्रेनिंगला आला, घरी जेवायला आला, पोरीला बघून गेला आणि चार महिन्यांनी एक प्रोग्राम घेऊन परत आला. पडद्यावर अक्षरांचं पान. अक्षरं एकामागून एक उजळायची, हव्या त्या अक्षरावर दिपमालाने उजव्या पायाचा अंगठा दाबायचा. तेवढा एक अंगठा तिचं ऐकायचा. अंगठ्याखालचा स्विच भटूने स्वतः बनवला, मिलमधल्या जुन्या लिमिट स्विचचा, स्प्रिंग घासून घासून अगदी हलकी केलेली. त्याची वायर कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरसाठी असायचं त्या पंचवीस छिद्रांच्या पोर्टात. वाक्य झालं की मशीन ते मोठ्याने बोलायचं.

पहिल्या दिवशी पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? "आबा, बनियान उलटं घालेल शे." भटूने खाली बघितलं तर खरंच उलटं होतं. भागाबाई हसता हसता रडली.

त्या आवाजावर घर चालायचं. उन्हाळ्यात भागाबाई गच्चीवर विकायच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायची, कुणाला किती द्यायच्या ते दिपमालाच्या डोक्यात. गल्लीतली पोरं अभ्यासातलं अडलं की खिडकीशी यायची. भटूने मिलमध्ये कुणाशी भांडण केलं तर रात्रीच्या जेवणाआधी त्याची हजेरी तीच घ्यायची.

यंदाच्या वैशाखात, एका रविवारी सकाळी, मशीन अडकलं. पडद्यावर "आबा, मना" एवढे दोनच शब्द उमटले आणि सगळं जागच्या जागी थांबलं. पंखा घरघरायला लागला. भटूने मान तिरपी करून ऐकलं. डब्याचं झाकण उघडून फोटो काढला आणि तडक नवीपेठेत लीलाधरच्या दुकानात गेला. लीलाधर कॉम्प्युटरवाला, पंधरा वर्षांची ओळख.

लीलाधरने फोटो मोठा करून बघितला. "नाना, कपॅसिटर फुगलेत. आता प्रत्येक वेळी चालू कराल ते नशिबावर. एखाद दिवशी बोर्ड जळालं की संपलं, हे बोर्ड आता मिळत नाही."

झालं! भटू घरी आला तो थेट भिंतीकडे. तिथलं बटन बंद केलं, कॉम्प्युटरची पॉवरची वायर उपटली, गुंडाळली आणि पँटच्या खिशात घातली. दिपमालाने डोळे गच्च मिटले, उघडले, पुन्हा मिटले. नाही, नाही, नाही.

"दोन दिवस धीर धर, माय," तो म्हणाला. "बठ्ठं व्हई जाई." सगळं होईल.

माणूस मनाने वाईट नव्हता हो. घाबरला होता, एवढंच. मशीन बिघडलंय तर आधी वीज तोडायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. फक्त इथं वीज तोडली तेव्हा कुणाची जीभ तोडली, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लीलाधरने हार्डडिस्कची नक्कल काढून दिली. तिथवर ठीक होतं. पण पुढे काय घ्यायचं, याचा घोळ सुरू झाला. लीलाधर म्हणाला, "नवं मशीन घ्या. विंडोज इलेव्हन. टेनचा सपोर्टसुद्धा गेल्या ऑक्टोबरात संपला, तुमचं तर सेव्हन आहे, तेही बत्तीस बिटचं. अजून किती ओढणार?"

"पण स्विच कुठे लावायचा?"

"ते पोर्ट आता येतच नाही, नाना."

"जोड घालता येईल ना?"

"जोड मिळेल. पण कुंदनचा प्रोग्राम त्या जोडाला ओळखणार नाही. तयार प्रोग्राम मिळतात की, नाहीतर टॅब घ्या. तिला नव्याने शिकावं लागेल, एवढंच."

एवढंच! भटूला त्याचा असा राग आला की चहा अर्धा टाकून तो उठला. दहा वर्षांत दिपमालाला ते अक्षरांचं पान पाठ झालं होतं, कुठलं अक्षर कधी उजळेल ते तिला न बघता कळायचं. आता अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा पहिलीपासून?

संध्याकाळी त्याने पुण्याला कुंदनला फोन लावला. कुंदन आता मोठ्या कंपनीत, तरी नानाचा फोन म्हटलं की मीटिंगमधून बाहेर येतो. तो म्हणाला, "नाना, विंडोजऐवजी लिनक्स टाकून बघू. ते जुनं पोर्ट अजून ओळखतं. पण खरं सांगू का, बत्तीस बिटची मशिनं तिकडेही एकेक जण सोडत चाललाय. आज बसवलं तर दोन वर्षं, फार तर तीन. प्रोग्राम मला पुन्हा लिहावा लागेल, आणि आवाज तोच येईल याची खात्री नाही. दिपमाला काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? मशीन बंद आहे," भटू म्हणाला, आणि त्या उत्तरात काही चुकतंय असं त्याला मुळीच वाटलं नाही.

त्या आठवड्यात भटूचं मिलमध्ये लक्ष लागेना. चाळणीचा पट्टा उलटा चढवला, चौतीस वर्षांत पहिल्यांदा. जेवायला बसला की घास हातातच राहायचा. विंडोज घ्यावं तर पोरीची सवय जाणार. लिनक्स घ्यावं तर दोन वर्षांनी पुन्हा हीच पंचाईत, आणि दोन वर्षांनी कुंदन फोन उचलेल का? टॅब घ्यावा तर स्विच कसा जोडायचा? आणि आपण गेल्यावर? हा विचार आला की तो ताटावरून उठायचा. आपण आहोत तोवर स्विच दुरुस्त करू, वायर बदलू. आपल्या माघारी ही मुलगी डोळे मिटून आणि उघडून जगाला काय काय सांगणार?

तिला विचारलं नाही असं मात्र नाही बरं का. विचारलं. विचारायची त्याची रीत बघा. "जुनंच चालू ठेवू ना माय, सवयनं?" डोळे मिटले. "मंग नवं लेऊत?" डोळे मिटले. "कुंदन म्हणस ते?" तेही नाही. "मंग काय?" असं म्हणून हा वैतागून उठला. 'मंग काय' याला डोळ्यांनी काय उत्तर देणार हो कुणी? चौथ्या दिवशी भागाबाई त्याला म्हणाली, "पोरगी काहीतरी सांगी ऱ्हायनी. पहिलेसारखं बसा तिना म्होरे." तेव्हा बसला. खुर्ची ओढून, अक्षरं म्हणायला लागला. क, ख, ग. दहा वर्षांत त्याचीही सवय मोडली होती, मधेच अडखळायचा. चार अक्षरं झाली नसतील, तोच फोन वाजला. पहूरहून. तिथला एक कॉम्प्युटर क्लास बंद झालाय, आणि भटूने सांगून ठेवलं होतं तसंच, त्याच मेकचं, त्याच सालातलं मशीन अडगळीत पडलंय.

भटू उठला तो असा उठला की खुर्ची मागे पडली. मिलमधली रीतच ही. जुनं मशीन सांभाळायचं तर त्याच मेकचं दुसरं जुनं मशीन आणून ठेवायचं, एकाचे भाग दुसऱ्याला घालायचे आणि पाच-सात वर्षं आरामात काढायची. विंडोज नको, लिनक्स नको, टॅब नको. आपलंच ठेवू! इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. दिपमालाने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा प्रयत्न केला. तेवढंही तिला धड जमलं नाही.

पण पहूरचा माणूस लग्नाला गेलेला. किल्ली त्याच्याकडे. दोन फेऱ्या फुकट गेल्या. घरात भागाबाईच्या बिबड्यांचा सगळा घोळ झाला, पाच किलोवालीला दोन किलो गेल्या आणि ती बाई दारात येऊन नाही नाही ते बोलून गेली. दिपमाला आत पडून ऐकत होती. नवव्या दिवसापासून ती जेवायलाही नीट तोंड उघडेना. भटूला वाटलं, मशिनासाठी झुरतेय पोर. त्याचा जीव तुटत होता, आणि जितका तुटत होता तितका तो बाहेर पळत होता.

अकराव्या दिवशी, भर दुपारच्या उन्हात, पोत्यात गुंडाळलेलं मशीन खांद्यावर घेऊन तो पहूरच्या बसमधून उतरला. हात-पाय धुतले नाहीत, पाणी प्यायला नाही. बोर्ड काढलं, पुसलं, चढवलं, नक्कल काढलेली हार्डडिस्क लावली. खिशातली वायर काढून खोचली. बटन दाबलं.

पडदा उजळला. तेच पान, तीच अक्षरं. पंखा मऊ चालत होता, कुरकुर नाही, घरघर नाही. भटूने कान लावून ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. "भागा, इकडे ये! चालू व्हयनं!" त्याने अलगद दिपमालाचा पाय उचलून स्विचवर ठेवला आणि मांडी घालून समोर बसला. आता बनियानाचं काहीतरी बोलेल, आता आपल्याला हसेल, अशी वाट बघत.

अक्षरं उजळत होती. क्लिक झाला. पुष्कळ वेळाने दुसरा. भटूला वाटलं, स्प्रिंग जड झाली असेल, इतके दिवस पडून. त्याने तेलाचा थेंब सोडला. तिसरा क्लिक आलाच नाही. अक्षरांचं पान वरून खाली दोनदा फिरून गेलं. मग त्याने मान तिरपी केली, मिलमध्ये करतो तशी, आणि मशीन सोडून पहिल्यांदा तिच्या पायाकडे नीट लक्ष दिलं. अंगठा थरथरत होता. दाबायच्या आधी सगळा पाय ताठ होत होता, कपाळावर घाम येत होता, आणि दहातून एखाद्या वेळीच स्विच खाली जात होता. स्विच हलका होता. त्याने बोटाने दाबून बघितला, फुंकरीने दबेल इतका हलका.

एक वाक्य व्हायला वीस मिनिटं लागली. मग मशीन बोललं, त्याच्या त्या सपाट आवाजात.

"मशीन नहीं आबा. मना पाय थकना."

भागाबाईने पदर तोंडाला लावला.

"कधीपासून?" भटूने विचारलं.

"तीन महिना व्हई गयात."

तीन महिने! तीन महिने तो म्हणत होता, मशीन मंद झालंय, पूर्वीसारखं पटापट बोलत नाही. मैलावरून बेअरिंग ऐकणारा माणूस, आणि दीड हातावरचे क्लिक कमी कमी होत गेलेले त्याला ऐकू आले नाहीत. त्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतली असती, पण समोर ती होती.

"काबर सांगं नहीं, माय?"

याचं उत्तर यायला पुन्हा बराच वेळ गेला. मधे दोनदा त्याने पाय चोळून दिला. शेवटी आवाज आला, "सांगाले बसनू व्हतू. तुम्ही वायर काढी लिधी."

भटूने अकरा दिवस सगळ्या जगाला विचारलं होतं, लीलाधरला, कुंदनला, पहूरच्या क्लासवाल्याला, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. जिच्यासाठी विचारत होता तिचं तोंड स्वतःच्या हाताने बंद करून. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही. मग नाक पुसून, खुर्ची पुढे ओढून, पहिल्यांदा धड प्रश्न विचारला. "तुले काय जोयजे?" तुला काय पाहिजे.

दिपमालाने डोळे वर केले. म्हणजे सांगते. आणि मग अंगठा उचलायला लागली.

"कुंदनले फोन लावा. मी बोलसू."

कुंदनने पहिल्या रिंगला उचलला. भटूने फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरला लावून धरला, कारण खाली ठेवला की आवाज पोचत नव्हता. दिपमालाने एक वाक्य रचायचं, मशीनने बोलायचं, कुंदनने पलीकडे थांबायचं. पाय चालत नाही हे ऐकून कुंदन एकदम म्हणाला, "अगं, मग त्या जुन्या पोर्टची गरजच काय? ते तर नुसतं पायाच्या स्विचसाठी होतं!" अकरा दिवस ज्या पंचवीस छिद्रांपायी भटूची झोप उडाली होती, ती अशी एका वाक्यात निकालात निघाली. "भुवया हलतात तुझ्या? कॅमेऱ्याने पकडता येतील. विंडोजवर की लिनक्सवर करू, बोल."

दिपमाला विचार करत होती. मग आवाज आला, "कथा कमी बदलस?" कुठे कमी बदलतं.

कुंदन म्हणाला, "खोटं नाही सांगत. कुठेच नाही. सगळेच जुन्याला सोडतात. पण मी पान ब्राउझरमध्ये चालेल असं करतो. मग विंडोज असो, लिनक्स असो, टॅब असो, उद्या मशीन बदललं तरी पान तेच राहील, अक्षरं त्याच जागी."

"इंटरनेट नसनं तर?"

"बिना इंटरनेटचं चालेल."

"लाइट गई तर?"

"लॅपटॉप घे. बॅटरी आहे."

असे प्रश्न भटूला अकरा दिवसांत सुचले नव्हते. सुचणार तरी कुठून, त्या मशीनवर दहा वर्षं काय तो बोलत होता? तो फोन धरून उभा होता. तास उलटून गेला, उजवा हात भरून आला, दंड जळायला लागला. फोन दुसऱ्या हातात घ्यावा असं त्याला फार वाटलं. समोर अंगठा उठत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. त्याने हात बदलला नाही.

"झालं का सगळं?" कुंदनने विचारलं. "लिहून घेतलंय मी. लीलाधरशेठला लॅपटॉपचं मीच सांगतो. दोन दिवसांत पहिलं पान पाठवतो. अजून काही?"

डोळे वर गेले. अजून एक. भागाबाईने तिच्या कपाळावरचा घाम टिपला, पायाखालची चादर सारखी केली. दिपमाला सावकाश एकेक अक्षर वेचत गेली, आणि भटू पडद्यावर वाचत गेला, मशीन बोलायच्या आधीच. वाचून झालं तरी तो तिथेच तसा उभा राहिला, मान खाली घालून.

मशीन बोललं, "बंद करानं बटन मनाजोडे जोयजे. दुसरा कोनाजोडे नहीं."

पलीकडे कुंदन टाइप करत असल्याचा आवाज आला. "लिहिलं, बंद करायचं बटन फक्त तुझ्याजवळ," तो म्हणाला.